हेप-सीची म्युटेशन्स एकेकटी मोजू नकोस

तुझा प्रश्न असा की एक म्युटेशन (जीनच्या अक्षरांतला बदल) टाकलं तर हेप-सी म्हणजे हेपटायटिस सी व्हायरसचं रेप्लिकेशन (स्वतःच्या कॉप्या काढणं) बसलं, दुसरं टाकलं तरी बसलं, आणि दोन्ही एकत्र टाकली तर परत सुरू झालं, मग लॅबमध्ये ट्यूबांची अदलाबदल झाली की काय? नाही गं, असं खरंच होतं.

आमच्या गिरगावातल्या खोलीचं कुलूप काकांनी बदललं आणि डोंबिवलीच्या आत्याकडची चावी जुनीच राहिली, तर ती बिचारी दारातच उभी. व्हायरसचा आरएनए साधारण ९६०० अक्षरांचा, पण तो सरळ दोरी नसतो, घड्या पडलेल्या असतात. एनएस५बी (आरएनएची कॉपी काढणारं व्हायरसचं एन्झाइम) च्या जीनच्या शेवटाकडे एक लूप म्हणजे वळसा आहे, तो पार आरएनएच्या शेवटच्या, तीन-प्राइम टोकाच्या लूपशी जोडी लावतो (किसिंग लूप म्हणतात, व्हायव्हात बोलताना सगळे उगाच लाजतात). कुठल्याही एका बाजूची अक्षरं बदलली की जोडी तुटते, रेप्लिकेशन ठप्प. दुसऱ्या बाजूलाही जुळतील अशी बदलली की गाडी परत चालू.

प्रोटीनमध्ये गणित जरा वाकडं आहे. १९९९ मध्ये रेप्लिकॉन (लॅबमधल्या पेशींत स्वतःच्या कॉप्या काढणारा व्हायरसचा आरएनए) आला, त्यानंतर पेशींत जोरात वाढवणारी म्युटेशन्स सापडली, त्यातलं एनएस५ए या व्हायरसच्या प्रोटीनमधलं एस२२०४आय (२२०४ व्या जागी सेरीनऐवजी आयसोल्युसिन) फेमस. त्याला एनएस३ या दुसऱ्या प्रोटीनमधल्या काही बदलांची जोड दिली की वाढ आणखी उसळते, पण एनएस५ए आणि एनएस५बी मधली दोन जोरदार म्युटेशन्स एकत्र आणली की उलट मार खाते. दोन पैलवान एका खाटेवर! आणि पेशीत तेज पळणारा हाच व्हायरस चिंपांझीत ढिला पडला, म्हणून पेशीतल्या आकड्यांवर मी फार भाळत नाही.

औषधांचंही तसंच, हेप-सीच्या जीनोटाइप १ए या प्रकारात एनएस३ मधली व्ही३६एम आणि आर१५५के ही म्युटेशन्स एकाच जीनोमवर असली की टेलाप्रेविर या औषधाला रेझिस्टन्स एकेकट्यापेक्षा खूप जास्त.

"एकाच जीनोमवर" हे मात्र नीट वाच. साध्या सँगर सिक्वेन्सिंगमध्ये (सगळ्या व्हायरसांची अक्षरं एकत्रच वाचली जातात) दोन्ही जागी डबल पीक, म्हणजे एका जागी दोन अक्षरं, दिसले तर ती दोन म्युटेशन्स एकाच व्हायरसची की शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन वेगळ्या व्हायरसांची, हे कळतच नाही. एनएस५बी ला प्रूफरीडिंग (कॉपीतल्या चुका दुरुस्त करणं) नाही, एका पेशंटमध्ये असली गर्दी विरार लोकलसारखी असते. मी एकदा असे पीक बघून "डबल म्युटंट" लिहून मोकळा झालो होतो, मग क्लोन करून (एकेक व्हायरसची कॉपी वेगळी काढून) बघितले तर एकाही क्लोनमध्ये दोन्ही नव्हती. तेव्हा आधी पेपरच्या मेथड्समध्ये बघ क्लोन केलेत का, किंवा दोन्ही जागा एकाच रीडमध्ये (एका सलग वाचलेल्या तुकड्यात) येतायत का, मग ग्राफकडे वळ.