सीलिएक असलेल्या मुलासाठी गॅस ग्रिल घेताना

वहिनी, मुलाला सीलिएक आहे म्हणताय, म्हणजे गहू-जवातलं ग्लूटेन हे प्रथिन त्याच्या आतड्याला बाधतं, तर ग्रिल नवंच घ्या. बेळगावात कुणी जुनं स्वस्तात देत असलं तरी नको. जाळीच्या सांध्यांत पावाचा चुरा, मैद्याचं कोटिंग जळून बसलेलं असतं. आचेनं जंतू मरतात, ग्लूटेन तसं जात नाही. ते घासून, धुऊनच काढावं लागतं.

बर्नर किती यापेक्षा जाळी बघा. स्टेनलेस स्टीलची, जाड सळ्यांची, अख्खी उचलून मोरीत घासता येईल अशी. बिडाची जाळी आच छान धरते, पण तिच्या खरबरीत अंगात खरकटं अडकतं. लाव्हा दगडांचं तर घेऊच नका, त्यात गळलेलं सगळं मुरतं. चिमटा, ब्रश मुलाचे वेगळेच ठेवा. पाहुण्यांचे पाव तव्यावर शेका.

मॅरिनेशनमधला हिंग तपासा, बांधानी, म्हणजे पीठ मिसळून बांधलेल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्येही गहू. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ हवं. आपल्याकडे अशा पदार्थात ग्लूटेनची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम.

सोबत ज्वारीची भाकरी खुशाल करा, मात्र गिरणीत गव्हामागून दळलेलं पीठ नको. घरघंटी असेल तर उत्तम, तीही फक्त त्याच्या धान्यासाठी.