नदीच्या वाळूवर उतरणारं, फुगीर चाकांचं विमान घरी बांधता येतं का?

तुम्ही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहात, अलास्कातली विमानं नदीच्या वाळूवर उतरताना व्हिडिओत पाहिलीत आणि दोन गोष्टी विचारल्यात: असं विमान घरी बांधता येतं का, आणि साध्या विमानाला मोठी चाकं लावली की ते तसं होतं का.

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही, आणि शिकण्यासारखं सगळं त्या दुसऱ्यातच आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता अमेरिकेत आयडाहोमध्ये बॉयसीजवळ राहतो. सुपर कबच्या धाटणीचं दोन आसनी विमान मी गॅरेजमध्ये किटवरून बांधलं. नोकरी सांभाळून सहा वर्षं गेली.

पायपर कंपनीने सुपर कब १९४९ साली आणलं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून कापड, शेपटीखाली छोटं चाक. १५० अश्वशक्तीच्या सुपर कबचं रिकामं वजन सुमारे ४२२ किलो आणि सगळं भरून परवानगी ७९४ किलोची. माणसं, पेट्रोल, सामान मिळून स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ नव्वद टक्के ओझं हे विमान उचलतं. ते हलकं आहे म्हणून ते हे करू शकतं. बांधताना तुम्ही वाढवलेला प्रत्येक किलो या ओझ्यातूनच वजा होतो. मी गॅरेजच्या भिंतीवर वही टांगली होती. विमानात जाणारी प्रत्येक वस्तू आधी तराजूवर, मग वहीत, मग विमानात.

आता तुमची मोठी चाकं घ्या. ३१ इंची चाकात हवा अगदी कमी दाबाची असते, दहा पौंडांच्या आत-बाहेर. आपल्या मोटारीत ३० ते ३२ असते. त्यामुळे नदीतल्या गोट्यांवर ते चाक पसरतं आणि धक्का गिळतं. पण चाकाचा व्यास वाढला की जुना ब्रेक अपुरा पडतो, मग मोठा ब्रेक लावा. वजन वाढलं. हवेचा अडथळा वाढला, वेग उतरला, तेवढ्याच अंतराला पेट्रोल जास्त. एक फायदा मात्र चटकन दिसत नाही: चाकं मोठी आणि पाय लांब असले की जमिनीवरच नाक उंच राहतं, पंखाला जास्त कोन मिळतो आणि विमान कमी वेगात उचलतं, कमी वेगात टेकतं. मी २६ इंचीवर थांबलो. आमच्याकडच्या जॉन्सन क्रीकसारख्या गवताच्या धावपट्ट्यांना तेवढी पुरतात. गोट्यांवर उतरायचं नसेल तर ३१ इंची चाकं म्हणजे हौस, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी कमाई टेकण्याचा वेग कमी करण्यात आहे. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. ताशी ४० मैलांऐवजी ३६ ने टेकलात तर वेग १० टक्के कमी, पण अंतर १९ टक्के कमी. यासाठी पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर, पुढच्या कडेजवळ, बोटाच्या पेराएवढी छोटी पाती ओळीने चिकटवतात. त्यांना व्होर्टेक्स जनरेटर म्हणतात. त्यांच्यामुळे हवा पंखाला जास्त वेळ धरून राहते आणि स्टॉल, म्हणजे हवा पंखापासून सुटून उचल एकदम कोसळणं, उशिरा होतो. वजन नगण्य. पैसे कमी असतील तर आधी हेच करा.

सगळ्यात जीव लावून केलेलं काम कापडाचं. पॉलिएस्टरचं कापड सांगाड्यावर चिकटवायचं आणि इस्त्रीने तापवून आकसवायचं. सुरुवात २५० अंश फॅरेनहाइटला, शेवट ३५० ला. त्याच्यापुढे गेलात तर ताण उलट सैल पडतो. घरगुती इस्त्रीच्या चकतीवर भरवसा ठेवायचा नाही, तापमापकाने खूण करून घ्यायची. आमच्या गल्लीत मिरवणुकीआधी हलगी शेकायचे, कातडं तापलं की तिचा आवाज चढत जायचा. पंखाचं कापड अगदी तसंच बोलतं: आधी भद, मग टणक. टिचकी मारून मला कळायला लागलं की कुठे अजून इस्त्री हवी. पण रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या, एका बाजूला मी घाईत थेट शेवटचं तापमान दिलं, दुसरी बाजू ढिलीच होती. मागची नाजूक नळी केसभर वाकली. सगळं कापड फाडून, नळी बदलून पुन्हा केलं. दोन्ही बाजू थोड्या थोड्या, आलटून पालटून ताणायच्या.

दुसरी गोष्ट गुरुत्वमध्य. लोक मागे सामानाची जागा वाढवतात, मग ती भरतात. शेपूट जड झाली की स्टॉलमधून विमान सावरणं अवघड होतं. प्रत्येक बदलानंतर तिन्ही चाकं तीन तराजूंवर ठेवून नव्याने हिशोब करा.

आणि उडवताना: अलास्कात ‘मूस स्टॉल’ हा शब्द आहे. खाली मूस, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, दिसलं म्हणून हळू वेगात, कमी उंचीवर घिरट्या घालणाऱ्यांचे जीव गेलेत. ६० अंश कलून उंची न सोडता वळलात तर स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. पंखावर काहीही चिकटवलंत तरी हे गणित बदलत नाही.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असेल तर विमान ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात नोंदवता येतं. मग साधारण २५ किंवा ४० तास ठरलेल्या भागात चाचणी उड्डाणं करावी लागतात. आपल्याकडे वाट जास्त खडतर आहे. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, तरी नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. त्यांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे.

तुम्ही आज काय करू शकता? कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये टिग वेल्डिंग असेल तर पातळ भिंतीच्या नळ्या मिळवा. माझ्या सांगाड्यातल्या बऱ्याच नळ्यांची भिंत ०.९ मिलिमीटर होती. एका नळीचं टोक माशाच्या तोंडासारखं कापून दुसरीवर घट्ट बसवा, मध्ये फट राहू देऊ नका, मग जोडा. गार झाल्यावर तो जोड करवतीने उभा कापा आणि वेल्ड मुळापर्यंत गेलंय का ते बघा. माझे पहिले अकरा नव्हते गेले.