गोऱ्हा देऊन बैल

प्रश्न : सर, बेसबॉल संघासाठी खेळाडूंची देवघेव ठरवणाऱ्या जनरल मॅनेजरचा सौदा बरा की वाईट, हे कसं ओळखायचं? – एक वाचक, उदगीर

उत्तर : तुम्ही उदगीरचे, म्हणून हाळीच्या बाजारातलं सांगतो. पेरणी तोंडावर आलेली. वडिलांनी देवणी गोऱ्हा देऊन औताचा बैल घेतला. गोऱ्हा पुढं पंचक्रोशीत नावाजला, तरी वडील चुकले असं मी म्हणणार नाही. १९८७च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघानं हेच केलं. २० वर्षांचा होतकरू पिचर (चेंडू टाकणारा) जॉन स्मोल्ट्झ अटलांटाच्या संघाला देऊन ३६ वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर आणला. त्यानं ९ सामने जिंकले, एकही हरला नाही. टायगर्स विभागात पहिले आले. स्मोल्ट्झ २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला, तेवढंच धरून लोक त्या सौद्याला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. डेट्रॉइटला पिचर तेव्हाच हवा होता.