मुलं दारातूनच का परत फिरतात?

तुम्ही लिहिलंय की दवाखान्यात किशोरवयीनांसाठी वेगळी खोली काढली, भिंती रंगवल्या, आठवड्यातली एक दुपार राखून ठेवली, तरी तीन महिन्यांत जेमतेम चार जण आले, तेही आईला सोबत घेऊन. म्हणून आता कॅरम आणि टेबल टेनिस ठेवायचा विचार आहे. माझं ऐकाल तर तो खर्च करू नका. अशी केंद्रं बऱ्याच देशांत काढून झाली आहेत. तिथे खेळायला येतात ते बहुतेक जवळपास राहणारे, जरा मोठ्या वयाचे मुलगे. ज्या मुलींसाठी सगळा खटाटोप केला, त्या फिरकत नाहीत.

मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलंय. तुमच्या खोलीत काही खोट नसावी, खोट असते तिथवर पोचण्याच्या वाटेत. पंधरा वर्षांची मुलगी एकटी आत शिरली असं समजा. गेटवरचा माणूस विचारतो, ‘सोबत कोण आहे?’ काउंटरवरच्या बाई रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, ‘काय होतंय?’ मग वजनकाटा, तोही भर व्हरांड्यात, आणि आकडा मोठ्याने सांगितला जातो. डॉक्टर कितीही प्रेमळ असोत, त्यांच्यापर्यंत ती पोचलेलीच नसते. म्हणून प्रशिक्षण द्यायचं तर आधी काउंटरवरच्यांना आणि गेटवरच्यांना द्या. येण्याचं कारण सगळ्यांदेखत विचारायचं नाही, केसपेपरवर ‘तपासणी’ एवढं पुरे. वेळही शाळा-कॉलेज सुटल्यानंतरची ठेवा.

आमची एक चूक सांगते. एक मुलगी एकटी येऊन तपासणीसाठी रक्त देऊन गेली. रिपोर्ट तयार झाल्याचा मेसेज केसपेपरवरच्या नंबरवर गेला आणि तो नंबर वडिलांचा होता. रिपोर्टमध्ये काळजीचं काहीच नव्हतं, पण ती परत आली नाही आणि तिच्या वर्गातलंही कुणी बरेच महिने आलं नाही. तेव्हापासून केसपेपरवर एक ओळ वाढली: निरोप कुठे द्यायचा, आणि द्यायचा का.

गुप्ततेचं आश्वासन मात्र सरसकट देऊ नका. मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगते, ‘तू जे बोलशील ते मी आपणहून घरी सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, कुणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, किंवा तुझ्याकडून दुसऱ्याला इजा होईल असं वाटलं, तर मला गप्प बसता येणार नाही. तेव्हाही आधी तुला सांगेन.’ संमतीचं वय आणि पोलिसांना कधी कळवायचं, याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. तुमच्याकडचे नीट समजून घ्या आणि सगळ्या स्टाफला एकच उत्तर पाठ असू द्या.

आईवडिलांना खोलीबाहेर काढताना अवघड होतं, खरंय. त्यावर साधा उपाय म्हणजे तो नियमच करून टाकायचा: ‘या वयाच्या प्रत्येकाशी आम्ही थोडा वेळ एकट्याने बोलतो.’ पिंपल दाखवायला आलेल्याशीही. सगळ्यांनाच लागू असला की कुणावर संशय येत नाही.

बोलायला सुरुवात कुठून करायची, यासाठी हेड्स नावाची पद्धत वापरा. डॉ. हार्वी बर्मन यांनी 1972 मध्ये सिअ‍ॅटलला ती बसवली आणि पुढे इतरांनी वाढवली. घर, शिक्षण, मित्र-छंद, मग व्यसनं, लैंगिकता, मनाची उदासी आणि आत्महत्येचे विचार, असा क्रम. सोप्याकडून नाजूककडे जायचं. प्रश्नावली भरल्यासारखं नको आणि सगळं एकाच भेटीत उरकायचंही नाही. पोटदुखी म्हणून आलेलं मूल खरा प्रश्न बहुधा निघताना, दाराची कडी हातात असताना विचारतं. तेवढी पाच मिनिटं हाताशी ठेवा. मानसिक आजारांपैकी साधारण एक तृतीयांश चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू झालेले असतात, तेव्हा उदासीबद्दल विचारणं टाळून चालणार नाही.

आणखी एक, कारण हे अजून सर्रास घडतं: गर्भनिरोधक गोळ्यांची चौकशी करायला आलेल्या मुलीची त्यासाठी अंतर्गत तपासणी लागत नाही. रक्तदाब बघा, आजारांची माहिती घ्या. ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न तर विसराच.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये किशोरवयीनांच्या आरोग्यसेवेसाठी 8 मानकं काढली. त्यातलं एक आहे मुलांचा स्वतःचा सहभाग, आणि नेमकं तेच सगळे कागदावर ठेवतात. दोन-तीन चुणचुणीत मुलामुलींना, त्यांच्या पालकांना सांगून, नेहमीच्या पेशंटसारखं पाठवा. कुठे थांबावं लागलं, कोण काय बोललं, कुठे लाज वाटली, ते त्यांच्याकडून ऐका. स्टाफला ‘अशी भेट होणार आहे’ एवढं आधी सांगा, दिवस सांगू नका. आम्ही केलं तेव्हा पहिली तक्रार आली ती खोलीच्या दारावरच्या पाटीची. ‘लैंगिक आरोग्य कक्ष’, हातभर अक्षरांत. आत जाणारा प्रत्येक जण व्हरांड्यातल्या सगळ्यांना दिसत होता. पाटी आम्हीच हौसेने रंगवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी ती काढून तिथे फक्त खोलीचा नंबर लावला.