पैलवानाला चिलखत कशाला? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ह्या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीवर आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, त्यातलं आपलं कॅरेक्टर नियमांच्या पुस्तकात छापलंय तसं नको, आपल्या मनातलं हवं, मग त्याच्या ताकदी बदलायच्या कशा. पत्रं लिहिणारे सगळे पाचव्या आवृत्तीवर खेळतायत, कुणाकडं 2014 चं पुस्तक आहे, कुणाकडं 2024 चं सुधारलेलं. फरक पडतो तिथं वर्ष लिहितो.

प्रश्न (खानापूर): दादा, आम्ही पाचजण दर रविवारी टिळकवाडीत मित्राच्या माडीवर खेळतो. माझे आजोबा तालमीतले, त्यामुळं मला पैलवानच खेळायचाय, तलवार नाही, चिलखत नाही, नुसती कुस्ती. आमचा डीएम (खेळ चालवणारा) म्हणतोय पुस्तकात पैलवान नाही, नवीन क्लासच (कॅरेक्टरचा प्रकार) बनवूया. बनवू का?

उत्तर: नको. नवीन क्लास म्हणजे वीस लेव्हलचं (पायऱ्यांचं) काम, आणि तुमचा पैलवान पुस्तकात आहेच की, फक्त दुसऱ्याच नावानं बसलाय.

बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्ध्याचा क्लास, उघडा. चित्रं बघू नका, नियम तेवढे वाचा. चिलखत नसेल तर त्याचा बचाव 10 अधिक डेक्सटेरिटीचा (चपळाईचा) बोनस अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (दमाचा) बोनस असा धरतात, म्हणजे लंगोटावर आखाड्यात उतरलेला गडीच झाला. त्याला रेज (संताप) आहे, तो चढला की हत्यारांचा नेहमीचा मार अर्धाच लागतो. त्याला रेज कशाला म्हणताय, शड्डू म्हणा. पहिल्या लेव्हलला दोनदाच वापरता येतो, म्हणून शड्डू कुठल्या गड्यासमोर ठोकायचा हे ठरवावं लागतं, आणि ती मजा नवीन क्लास बनवूनसुद्धा येणार नाही.

आता पकड. 2014 च्या नियमात तुमचा अ‍ॅथलेटिक्सचा फासा विरुद्ध त्याचा अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स, आणि रेजमध्ये स्ट्रेंथच्या चेकला (ताकदीच्या कसोटीला) अ‍ॅडव्हांटेज असतो, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. पकडला की समोरच्याचा स्पीड शून्य. पुढच्या टर्नला (पाळीला) त्याला शोव्ह करून (ढकलून) खाली पाडा. उठायला अर्धा स्पीड खर्च होतो आणि त्याच्याकडं तर शून्यच आहे, म्हणजे पट काढून खाली घेतला आणि वर कब्जा धरून बसलात, आता सुटल्याशिवाय उठणार नाही. जवळ उभे असलेले तुमचे साथीदार त्याला अ‍ॅडव्हांटेजनं मारणार. पण लांबून बाण मारणाऱ्या मित्राला उलट त्रास होतो, त्याला डिसअ‍ॅडव्हांटेज येतो, तेव्हा आधी त्याला विचारा. आणि तुमच्यापेक्षा एक साइज मोठ्यापर्यंतच पकडता येतंय, ओगर चालतो, हिल जायंट नाही.

2024 चं पुस्तक असेल तर थांबा. तिथं पकडीला समोरचा सेव्हिंग थ्रो (स्वतः वाचायचा फासा) टाकतो, त्यामुळं शड्डूचा अ‍ॅडव्हांटेज पकडीला लागत नाही. कुठल्या पुस्तकावर खेळायचं हे पहिल्याच रविवारी ठरवा, नंतर भांडणं नकोत.

आकडे सांगतो. कॅरेक्टरच्या सहा गुणांचे आकडे घ्यायच्या 27 पॉइंटच्या खरेदीत 15 ला 9 पॉइंट जातात, 14 ला 7, 10 ला 2, आणि 8 फुकट. स्ट्रेंथ 15, डेक्सटेरिटी 14, कॉन्स्टिट्यूशन 14, विझ्डम आणि करिझ्मा 10, इंटेलिजन्स 8, बरोबर 27 होतात. 2014 मध्ये हाफ-ऑर्क (दणकट जमात) घेतलात की स्ट्रेंथ 17 आणि कॉन्स्टिट्यूशन 15. आता विषम आकडा कामाला येत नाही, 16 ला फाशात मिळवायचा जो बोनस तोच 17 ला, म्हणून 17 बघून कुणीतरी म्हणेल वाया गेला. गेला नाही. चौथ्या लेव्हलला डीएमनं फीट्स (जादा कसब) चालू ठेवले असतील तर टॅव्हर्न ब्रॉलर घ्या, त्यात स्ट्रेंथ एकानं वाढून 18 होते, उघड्या हाताच्या मारालाही फासा मिळतो, आणि ठोसा लागला की बोनस अ‍ॅक्शनमध्ये लगेच पकड टाकता येते. तोपर्यंत तीन लेव्हल तुमचा हात हलका पडणार, शड्डू नसताना 1 अधिक स्ट्रेंथचा बोनस एवढंच. पण कुस्ती काय ठोशांनी जिंकत नाहीत, हे आजोबाच तुम्हाला जास्त चांगलं सांगतील.

प्रश्न (चिकोडी): फासे टाकून आकडे काढले तर एका मित्राला 18, 17, 16 आले आणि माझा सगळ्यात मोठा आकडा 12. खेळायचा मूडच गेला. काय करावं?

उत्तर: मूड जाणारच. 18 ला +4 आणि 12 ला +1, तीनाचा फरक म्हणजे वीसच्या फाशावर पंधरा टक्के, आणि तो प्रत्येक रविवारी प्रत्येक फाशाला तुमच्यासोबत बसणार. चार फासे टाकून सगळ्यात लहान काढून टाकायच्या पद्धतीत सरासरी बाराच्या थोडी वर येते, पण ती एकेका आकड्याची, सहाही आकडे बाराच्या आत येणं क्वचितच, तुमचं काही चुकलं नाही, त्याचं नशीब जोरात होतं आणि तुमचं रुसलेलं. वर लिहिलेली 27 पॉइंटची खरेदी करा, नाहीतर 15, 14, 13, 12, 10, 8 हे तयार आकडे सगळ्यांनी घ्या. फासे टाकायचेच असतील तर सगळ्यांनी मिळून एकच सेट काढायचा आणि तोच सगळ्यांनी वापरायचा.

प्रश्न (निपाणी): मी डीएम आहे. एका प्लेयरला पहिल्या लेव्हलपासून स्वतःची खास शक्ती हवीय, कधीही अदृश्य होता येईल अशी. नाही म्हटलं तर नाराज होतोय, हो म्हटलं तर बाकीचे. शक्ती किती जड आहे हे मोजायचं कसं?

उत्तर: ही चूक मी स्वतः केलीय म्हणून जरा लांबलचक सांगतो. माझ्या टेबलावर एका पोराला घारीसारखं उडणारं कॅरेक्टर हवं होतं. गोड पोरगा, वहीत घारीची चित्रं काढून आणलेली, पंखाच्या कडा पेन्सिलनं गडद केलेल्या. मी पहिल्या लेव्हललाच उडणं देऊन टाकलं. पुढचा सगळा खेळ मी पावसाळ्यात फुगलेल्या नदीवर बेतला होता, आमच्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा डोळ्यासमोर ठेवून, वाहून गेलेला साकव, पलीकडं अडकलेलं गाव, दोर कसा टाकायचा, नावाडी कुठं मिळेल, तीन रविवारचा मसाला. तो उडाला, दोर पलीकडच्या झाडाला बांधला, दहा मिनिटांत नदी संपली. बाकीचे चौघं नुसते बघत बसले, आणि त्यातली एक मुलगी रॉग घेऊन आली होती, चढणं-उतरणं हेच तिचं काम, तिच्या हातात त्या दिवशी फासासुद्धा आला नाही. ते तिचं गप्प बसणं मला अजून खटकतंय.

तेव्हापासून मी आधी एकच गोष्ट बघतो, पुस्तकात ह्याच्या सगळ्यात जवळचं काय आहे आणि ते कितव्या लेव्हलला मिळतंय. उडण्याचा फ्लाय स्पेल (मंत्र) तिसऱ्या पातळीचा, विझर्डला (जादूगाराला) पाचव्या लेव्हलला मिळतो, स्पेलची पातळी वेगळी आणि कॅरेक्टरची लेव्हल वेगळी, तोही दहा मिनिटं, आणि कॉन्सन्ट्रेशन लागतंय म्हणजे मार बसला तर तुटू शकतो. मी दिलं होतं फुकट आणि कायमचं. तुमच्या अदृश्य होण्याचं तसंच, इन्व्हिजिबिलिटी दुसऱ्या पातळीचा स्पेल आहे, विझर्डला तिसऱ्या लेव्हलला मिळतो, तासाभराचा, आणि हल्ला केला किंवा दुसरा स्पेल टाकला की संपतो. दिवसातून किती वेळा वापरता येतो हेही मोजा, कारण कधीही आणि दिवसातून एकदा ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि मग टेबलाभोवती नजर फिरवा, ह्यानं कुणाचं काम जातंय का.

मी त्या पोराला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, माझी चूक झाली म्हटलं. आम्ही दोघांनी मिळून असं ठरवलं की पाचव्या लेव्हलपर्यंत एक झेप, टर्न संपायच्या आत जमिनीवर यायचं, नाहीतर पडायचं, आणि शॉर्ट रेस्टमध्ये (खेळातल्या छोट्या विश्रांतीत) ती परत मिळायची. त्यानं स्वतः सुचवलं की घारीचं पिल्लू असंच शिकतं. तुमच्या प्लेयरलाही आधी विचारा, अदृश्य होऊन त्याला करायचंय काय. लपून ऐकायचं असेल तर स्टेल्थच्या (लपण्याच्या) चेकला दिवसातून एकदा अ‍ॅडव्हांटेज द्या, त्याचं समाधान होईल आणि कुणाचं काही जाणार नाही.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आमच्या टेबलावर दोघं मराठी, दोघं कन्नड. इंटेलिजन्स आणि विझ्डममधला फरक कुणालाच नीट सांगता येत नाही. कॅरेक्टर बनवताना कुठला वाढवायचा तेच कळत नाही.

उत्तर: बुद्धी आणि विवेक म्हणा, दोन्ही शब्द दोन्ही भाषांत आहेत. पंचांग उघडून नक्षत्र कुठलं, गेल्या साली पाऊस किती हे सांगतो तो बुद्धीचा. शेताच्या बांधावर उभं राहून वारा फिरला म्हणणारा म्हातारा विवेकाचा. म्हणून इतिहास, जादूचं ज्ञान, पुरावे तपासणं हे इंटेलिजन्सखाली येतं, आणि चाहूल लागणं, समोरचा खोटं बोलतोय हे ओळखणं, रानात माग काढणं हे विझ्डमखाली. करिझ्माला मी वजन म्हणतो. खडे बाजारात भाव पाडून घेणाऱ्या आजीकडं असतंय ते, रूपाचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि एक सोय फार थोडे लोक वापरतात. डीएमच्या परवानगीनं स्किल दुसऱ्या गुणाला जोडता येतं. वरच्या खानापूरच्या पैलवानाचा करिझ्मा 10, पण त्यानं एखाद्याला दरडावताना दाराची कडी हातानं वाकवून दाखवली तर इंटिमिडेशन स्ट्रेंथवर टाकू द्या. 2014 च्या पुस्तकात नेमकं हेच उदाहरण आहे.

प्रश्न (जांबोटी): मला झाडपाला देणारी वैदू बाई खेळायचीय, माझी आजी तशीच होती. पण बरं करणारा क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा क्लास) म्हटलं की देव निवडावा लागतो, आणि मला देव नकोय. नियम मोडावा लागेल का?

उत्तर: काही मोडायचं नाही ताई. ड्रुइड घ्या, बरे करायचे स्पेल त्यालाही आहेत आणि त्याची ताकद रानातली. क्युअर वुंड्सला हात लावावा लागतो, तो झाला तुमचा लेप. हीलिंग वर्ड 60 फुटांवरून चालतो आणि त्याला नुसता आवाज लागतो, तिथं लेप म्हणू नका, आजी लांबून हाक मारून धीर द्यायच्या तसं म्हणा. वर्णन मोकळेपणानं बदला, पण अंतर, फासे, दिवसातून किती वेळा, हे तसंच ठेवा, म्हणजे डीएमला अडवायला कारण राहत नाही. ड्रुइडच्या दुसऱ्या लेव्हलला वाइल्ड शेप येतं, प्राण्याचं रूप घ्यायचं, ते आजीला शोभत नाही वाटलं तर वापरू नका, किंवा त्या बदल्यात दुसरं काय मिळेल ते डीएमशी बोला.

देवाचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. टेबलावर देव हवाच असेल तर मनानं रचलेला घ्या. सौंदत्तीला पायी जाणारी माणसं आपल्या घरात आहेत, त्यांचा देव आपण फाशावर आणू नये. झाडपाल्याची नावं मात्र आजींचीच वापरा, आठवत नसतील तर आईला विचारा, आणि प्रत्येक स्पेलपुढं वहीत एकेक नाव लिहून ठेवा, अडुळसा, गुळवेल, निर्गुडी, जे काय घरात असायचं ते.