वाचकांचे प्रश्न: आइसलँड, कॉन्फरन्स आणि हातातला एकच मोकळा दिवस

प्रश्न: ताई, जानेवारीच्या शेवटी रेक्याविकला माझी कॉन्फरन्स आहे, चार दिवसांची. नंतरचा शनिवार तेवढा मोकळा आहे आणि रविवारी पहाटे फ्लाइट. मिस्टरही येतायत. जो तो गोल्डन सर्कल करा म्हणतोय. गाडी भाड्याने घेऊ की बसने जाऊ? आणि एवढ्या अंधारात काही दिसतं तरी का?

उत्तर: बसने जा. का ते सांगतेच, पण आधी उजेडाचं बघू, कारण सगळा प्लॅन त्याच्यावरच ठरतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रेक्याविकला सूर्य सव्वाअकरानंतर उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवस जेमतेम चार तासांचा. तुम्ही जानेवारी अखेरीला जाताय त्यामुळे बरंच बरं आहे, सव्वादहाच्या आसपास उगवतो आणि पाच वाजून गेल्यावर मावळतो, शिवाय दोन्ही बाजूंना तासभर संधिप्रकाश असतोच. सूर्य डोक्यावर येतच नाही, क्षितिजाला धरून सरकत राहतो, त्यामुळे आभाळ मोकळं असेल तर भर दुपारीसुद्धा उन्हं कलल्यासारखा तिरपा सोनेरी उजेड असतो. मी जानेवारीतच गेले होते आणि तो उजेड अजून डोळ्यांसमोर आहे, तेव्हा अंधाराची धास्ती नको.

आता गाडीचं. गोल्डन सर्कल म्हणजे जुन्या लोकसभेची जागा थिंगवेलिर, गरम पाण्याच्या कारंज्यांचं गेसीर आणि गुलफॉस धबधबा, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात कुणीही चालवेल पण हिवाळ्यात डांबरावर बर्फाचा असा पातळ थर बसतो की रस्ता नुसता ओला वाटतो, आणि वारा इतका जोराचा की गाडीचं दार हातातून सुटून उलटं फिरतं, बिजागरीच वाकते. भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये हे नुकसान बऱ्याचदा धरत नाहीत. चार दिवस सेशन्स करून थकलेल्या माणसाने, बर्फात चालवायची सवय नसताना, अंधारात निघून अंधारात परत यायचं हे मला पटत नाही. मिस्टरांना कितीही हौस असली तरी!

आणि एक गोष्ट, जमली तर कराच. ट्रिप शेवटच्या शनिवारी ठेवू नका. हवा बिघडली की बस रद्द होते, तिथलं हवामान खातं पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतं आणि नारिंगी आला की बहुतेक बेत कोलमडतात. मग तुमच्याकडे दुसरा दिवसच उरत नाही. एक दिवस आधी पोचा, कॉन्फरन्सच्या आदल्या दिवशी ट्रिप ठेवा, ती रद्द झालीच तर शनिवार हाताशी आहे.

तिन्हीपैकी जास्तीत जास्त वेळ थिंगवेलिरला मिळेल अशी टूर निवडा. बऱ्याच टूरवाल्या तिथे अर्धा तास देतात, फोटो काढा आणि चला, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. इथे इ.स. ९३० मध्ये आल्थिंग भरली, म्हणजे आइसलँडची लोकसभाच म्हणा ना, आणि १७९८ पर्यंत ती इथेच उघड्यावर भरत होती. सुरुवातीच्या काळात राजा नव्हता. कायदे लिहिलेले नव्हते, एक कायदा सांगणारा निवडायचे आणि तो लोगबर्ग नावाच्या खडकावरून दर उन्हाळ्यात एक तृतीयांश कायदे तोंडपाठ म्हणायचा, तीन वर्षांत सगळे पूर्ण. मौखिक परंपरा आपल्याला नवी नाही त्यामुळे आपल्या माणसाला हे ऐकून लगेच जवळचं वाटतं. ख्रिस्ती धर्म स्वीकारायचा निर्णय इ.स. १००० च्या सुमारास इथेच झाला आणि १७ जून १९४४ ला प्रजासत्ताकाची घोषणाही इथेच. पण सगळं गौरवाचंच आहे असं नाही, खाली नदीत एक डोह आहे, द्रेकिंगारहिलूर, तिथे सतराव्या-अठराव्या शतकात बायकांना बुडवून मारायची शिक्षा दिली जायची. गाइड घाईत असेल तर हे सांगत नाही, तुम्ही विचारा.

आणि हा सगळा इतिहास घडलाय कुठे, तर जमीन फाटतेय तिथे. पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, म्हणजे उत्तर अमेरिकेची आणि युरेशियाची प्लेट, इथे एकमेकींपासून वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर दूर जातायत. आल्मानग्याऊ नावाच्या घळीतून चालता तेव्हा बाजूला कातळाची उंच भिंत असते आणि पायाखाली भुसभुशीत बर्फ, मी तिथे तासभर होते आणि तेवढाही कमीच पडला.

गेसीरला फार वेळ लागत नाही. मूळ गेसीर, ज्याच्यावरून जगातल्या सगळ्या गरम कारंज्यांना गीझर म्हणतात, तो आता बहुतेक झोपलेलाच असतो, शेजारचा स्ट्रोकुर मात्र दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो. वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूला उभं राहू नका, अंगावर पडलेलं पाणी लगेच गारठतं.

गुलफॉस दोन टप्प्यांत ३२ मीटर खाली पडतो. तुषार गोठून पायऱ्या काचेसारख्या होतात, धबधब्याजवळची खालची वाट थंडीत बहुतेक बंदच असते, तिथे दोरी ओलांडून जाणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून जाऊ नका. बुटांना लावायचे रबरी काटे मिळतात ते आधीच घेऊन ठेवा. वर सिग्रिदुर तोमासदोत्तिर या बाईंचं स्मारक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे वीज प्रकल्प होऊ घातला होता तेव्हा शेतकऱ्याच्या या मुलीने वर्षानुवर्षं लढा दिला. तिचे वकील स्वेन ब्यर्न्सोन पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मिनिटभर थांबा तिथे.

कपड्यांचं एकच, जीन्स नको. भिजली की वाळत नाही. आत लोकरीचं, वरून वारा-पाणी अडवणारं.

प्रश्न: एवढं लांब जातोच आहोत तर एका दिवसात योकुलसारलोनचा हिमनगांचा तलावही होईल का?

उत्तर: नाही हो. एका बाजूलाच पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, सगळा उजेड बसच्या खिडकीतच संपेल. मुक्काम करणार असाल तरच जा.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये दोन सीनियर सर आहेत, एकांचे गुडघे दुखतात. आम्हाला फक्त एक दुपार मिळते. काय करू?

उत्तर: मग शहराबाहेर पडूच नका. आदालस्त्राइती रस्त्यावर जमिनीखाली दहाव्या शतकातल्या घराचे अवशेष जागच्या जागी जपलेत, आणि त्याहून जुना भिंतीचा एक तुकडा आहे जो ज्वालामुखीच्या राखेच्या थराखाली सापडला. ती राख ८७० च्या दशकाच्या आसपासची, म्हणजे भिंत त्याच्याही आधीची. हे ऊबेत, सपाट जमिनीवर सावकाश बघता येतं. मग टॅक्सीने ग्रोत्ता या छोट्या बेटावरच्या दीपगृहासमोरच्या किनाऱ्यावर जा, सूर्यास्त समुद्राकाठूनच बघा. दीपगृहापर्यंत फक्त ओहोटीत चालत जाता येतं आणि भरती आली की तास न् तास अडकायला होतं, तेव्हा सरांना घेऊन पलीकडे जाऊ नका. आभाळ निरभ्र असेल तर तिथेच रात्री नॉर्दर्न लाइट्सही दिसू शकतात, शहराचे दिवे तिकडे कमी आहेत. टॅक्सी मात्र थांबवून ठेवा, थंडीत परत बोलवायला वेळ जातो.