जुना प्रोग्रॅम, नवा कॉम्प्युटर

प्रश्न : दुकानाचं बिलिंग फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या डॉस (विंडोजच्या आधीच्या) प्रोग्रॅमवर आहे. लॅमिंग्टन रोडवरून विंडोज ११ चा पीसी आणला, तर प्रोग्रॅम उघडतच नाही. कम्पॅटिबिलिटी मोड लावूनही तेच.
– किराणा दुकानदार, लालबाग

उत्तर : तो मोड कितीही वेळा लावलात तरी उपयोग नाही. प्रोग्रॅमला ‘ही जुनी विंडोज आहे’ असं भासवणं एवढंच त्याचं काम. तुमचा प्रोग्रॅम १६-बिटचा आहे. असे प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भाग फक्त ३२-बिट विंडोजमध्ये असायचा आणि विंडोज ११ निघतेच ६४-बिट.

नव्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं व्हीडॉस हे सॉफ्टवेअर वापरून बघा. त्याच प्रकारचा साधा डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेला, त्यात छपाईची सोय नाही. व्हीडॉस कामाच्या प्रोग्रॅमसाठीच आहे. जुन्या पीसीवरचा अख्खा फोल्डर उचला. नुसत्या डीबीएफ (नोंदींच्या) फाइली आणल्या आणि एफपीटी (लांब मजकुराच्या, म्हणजे मेमो) फाइली मागे राहिल्या, तर मेमो फाइल नाही म्हणून गाडी तिथेच अडेल. फोल्डरचं नाव ८ अक्षरांच्या आत ठेवा, मध्ये स्पेस नको.

एलपीटी-१ ला, म्हणजे डॉसच्या प्रिंटर पोर्टला, पाठवलेलं बिल व्हीडॉस विंडोजच्या डिफॉल्ट प्रिंटरकडे देतो. म्हणून डॉट मॅट्रिक्स डिफॉल्ट करा आणि सेटिंग्जमधला ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा’ हा पर्याय बंद करा. नाहीतर कोणी लेझरवर एक पान काढलं की पुढची बिलंही तिकडेच जातील.

आणखी एक. २०१७ मध्ये यात जीएसटी कोणीतरी बसवून दिला असणारच. त्याच्याकडून पीआरजी फाइली, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड, मागून ठेवा. त्या हातात असल्या तर पुढे दुसऱ्या कोणाकडूनही बदल करून घेता येतील.

प्रश्न : सोसायटीच्या हिशेबाचा व्हीबी-६ (व्हिज्युअल बेसिक ६) मध्ये लिहिलेला जुना प्रोग्रॅम नव्या पीसीवर चालतो, पण सेक्रेटरींनी केलेल्या नोंदी माझ्या लॉगिनमध्ये दिसत नाहीत.
– खजिनदार, मुलुंड

उत्तर : नोंदी कुठे गेलेल्या नाहीत. प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवलाय, आणि तिथे लिहायला विंडोज साध्या वापरकर्त्याला मनाई करते. जुन्या प्रोग्रॅमचं अडू नये म्हणून विंडोज हिशेबाच्या फाइलची प्रत प्रत्येकाच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात ठेवते. म्हणजे तुमचा हिशेब वेगळा, सेक्रेटरींचा वेगळा. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलंत तर तिसराच दिसेल, कारण तेव्हा मूळ फाइल उघडते.

आधी प्रोग्रॅम बंद करून तिन्ही एमडीबी (हिशेबाच्या डेटाच्या) फाइली, म्हणजे तुमची, सेक्रेटरींची आणि मूळ, पेन ड्राइव्हवर घ्या. नावं सारखीच असतील, तेव्हा वेगवेगळ्या फोल्डरांत. मग प्रोग्रॅम काढून सी ड्राइव्हवर थेट नव्या फोल्डरात बसवा आणि सर्वांत जास्त नोंदी असलेली फाइल तिथे ठेवा. एकीवर दुसरी कॉपी केल्याने नोंदी एकत्र होत नाहीत, पहिल्या पुसल्या जातात. उरलेल्या पावत्या हातानेच भराव्या लागतील.

प्रश्न : स्कॅनर उत्तम आहे, पण ड्रायव्हर ३२-बिटचाच मिळतो.
– वाचक, गिरगाव

उत्तर : ६४-बिट विंडोजला ६४-बिटचाच ड्रायव्हर लागतो, इथे पळवाट नाही. व्ह्यूस्कॅन हे सशुल्क सॉफ्टवेअर अनेक जुन्या स्कॅनरना स्वतःच्या ड्रायव्हरने चालवतं. त्यांच्या यादीत तुमचं मॉडेल शोधा आणि चाचणी आवृत्तीत एक पान स्कॅन करून बघा. पानावर वॉटरमार्क येईल, पण स्कॅनर चालतो की नाही ते पैसे भरण्याआधी कळेल.